त्यांचा व्हिडीओ, तुमचा लोगो : मराठी वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी वृत्तवाहिन्यांचे आणि त्यांच्या डिजिटल विभागांचे सर्व संपादक,

सप्रेम नमस्कार.

मी डोंबिवली पूर्वेला गेली २२ वर्षं नववी-दहावीचे क्लास घेते. इतिहास आणि मराठी हे माझे विषय. हे पत्र खरं तर तुमच्यापैकी एकाच वाहिनीला लिहायला हवं होतं. तिला मी लिहिलंही. तिचं उत्तर आल्यावर वाटलं की प्रश्न एका वाहिनीपुरता नाही, म्हणून सगळ्यांना लिहिते आहे, आणि तुमच्या प्रेक्षकांच्या देखत लिहिते आहे.

झालं ते असं. पावसाळ्यात एका संध्याकाळी क्लास सुटला, बाहेर पाऊस धो धो, म्हणून पाच-सहा मुलं जिन्यातच थांबली. दहावीतला एक मुलगा मोबाइल घेऊन माझ्याजवळ आला. "मॅडम, हे बघा ना. हा कॅमेरा छातीला लावतात की बंदुकीला?" अठ्ठावीस सेकंदांची क्लिप होती. समोर उंच गवत, गवतातून पुढे आलेली बंदुकीची नळी, खाली रस्त्याच्या वळणावर लष्कराची गाडी, आणि कॅमेरा लावलेल्या माणसाच्या श्वासाचा आवाज. गोळीबार सुरू होतो त्या क्षणी चित्र स्लो मोशनमध्ये जातं आणि मागे सिनेमासारखं संगीत चढतं. वर उजव्या कोपऱ्यात त्या अतिरेकी गटाचं चिन्ह, अर्धवट धूसर केलेलं. डाव्या कोपऱ्यात एका मराठी वाहिनीचा लोगो, अगदी स्वच्छ. खाली लाल पट्टी : 'थरारक! हल्ल्याचा व्हिडीओ आला समोर.' आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'सौजन्य : सोशल मीडिया.'

या मुलाबद्दल गैरसमज नको. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या बैसरनमध्ये २६ माणसं मारली गेली, त्यात आमच्या डोंबिवलीचे तिघे होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भागशाळा मैदानावर अख्खं गाव लोटलं, तेव्हा हा मुलगा वडिलांचा हात धरून तिथे उभा होता. मी त्याला पाहिलं होतं. अशा गटांबद्दल त्याच्या मनात तिळमात्र सहानुभूती नाही. तरीही त्याने मला विचारलं ते कॅमेऱ्याबद्दल. गाडीत कोण होतं, त्यांचं पुढे काय झालं, हे त्याला विचारावंसं वाटलं नाही, कारण त्या अठ्ठावीस सेकंदांत ती माणसं कुठे दिसतच नव्हती. आपण सगळे त्या नळीच्या मागे उभं राहून बघत होतो.

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे डिजिटल बातम्या देणाऱ्या प्रत्येकाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि पंधरा दिवसांत निर्णय कळवावा लागतो. मी रीतसर तक्रार केली. उत्तर यायला तीन आठवडे लागले. ते असं : सदर व्हिडीओ समाजमाध्यमांवर आधीच उपलब्ध होता, तो जनहितार्थ दाखवण्यात आला, गटाचे चिन्ह धूसर करण्यात आले आहे, सबब कारवाईची आवश्यकता नाही.

'आधीच उपलब्ध होता' या तीन शब्दांशी माझं भांडण आहे.

कुठे उपलब्ध होता? टेलिग्रामच्या कुठल्यातरी चॅनेलवर, जे महिन्याभरात बंद होतं आणि नव्या नावाने पुन्हा उघडतं. माझ्या विद्यार्थ्याने ते चॅनेल जन्मात पाहिलेलं नाही. त्याच्या आजीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती क्लिप आली ती तुमच्या पानावरून, तुमच्या लोगोसकट. डोंगरातून निघालेल्या त्या व्हिडीओला डोंबिवलीच्या जिन्यापर्यंत आणण्याचं काम त्या गटाला जमलं नसतं. ते तुम्ही केलंत.

न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला १५ मार्च २०१९ रोजी एका माणसाने दोन मशिदींत गोळीबार केला, ५१ जण गेले. त्याने ते फेसबुकवरून थेट दाखवलं होतं. फेसबुकने नंतर दिलेला हिशेब तुम्ही वाचला असेल. थेट चालू असताना ते दोनशेहूनही कमी वेळा पाहिलं गेलं. पुढच्या चोवीस तासांत मात्र कंपनीला त्याच्या १५ लाख प्रती अडवाव्या किंवा काढाव्या लागल्या. मारेकरी तोवर कोठडीत होता. त्या १५ लाख प्रती चढवल्या बाकीच्या लोकांनी, कुणी रागाने, कुणी उत्सुकतेने, कुणी चार व्ह्यूजसाठी. व्हिडीओ आधीच उपलब्ध आहे, असंच त्यातल्या प्रत्येकाला वाटलं असणार.

आता माझ्या तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार अशी की हे सगळं आपल्यासमोर एकदा घडून गेलं आहे, आणि तरी तुम्ही त्यातून पुरेसं शिकला नाहीत. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत स्फोट झाले, तेव्हा इंडियन मुजाहिदीनचा ईमेल माध्यमांना गेला तो नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटमधलं उघडं वायफाय वापरून. चार महिन्यांनी, २६ नोव्हेंबरच्या रात्री, 'डेक्कन मुजाहिदीन' हे आधी कुणीच न ऐकलेलं नाव तसंच ईमेलने आलं आणि पडद्यावर झळकत राहिलं. नाव खोटं होतं, माणसं लष्कर-ए-तोयबाची होती. नरिमन हाउसमधल्या एका अतिरेक्याला तर एका वाहिनीने फोनवरून बोलू दिलं आणि त्याने आपली बाजू अख्ख्या देशाला ऐकवली. पाकिस्तानात बसलेले त्यांचे म्होरके आपल्याच वाहिन्या बघून त्यांना सूचना देत होते. माझे यजमान त्या रात्री भायखळ्याला अडकले होते. मी टीव्हीसमोरून हलले नाही, मला प्रत्येक क्षणाची बातमी हवी होती. त्यामुळे प्रेक्षकाची तहान काय असते हे मला ठाऊक आहे. पण २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या थेट प्रक्षेपणाबद्दल वाहिन्यांना स्पष्ट शब्दांत सुनावलं, आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आधार घेऊन त्याचं समर्थन होऊ शकत नाही असं म्हटलं. पुढे केबल टीव्हीच्या नियमांत दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर बंदी आली. पहलगामनंतर २६ एप्रिल २०२५ ला केंद्राने त्याची पुन्हा आठवण करून दिली. या नियमाने सैन्याची हालचाल झाकली जाते. अतिरेक्यांनी स्वतः चित्रित करून, संकलन करून, चिन्ह लावून पाठवलेला व्हिडीओ दुसऱ्या दिवशी दाखवायला त्याने आडकाठी होत नाही. ती आडकाठी तुम्हालाच घालून घ्यावी लागेल.

दुसरी तक्रार. हे गट कुणासाठी लिहितात, याचा तुम्ही विचार करत नाही. द रेझिस्टन्स फ्रंट हे नाव ऑक्टोबर २०१९ मध्ये पुढे आलं, श्रीनगरमधल्या एका ग्रेनेड हल्ल्याचा दावा करत, टेलिग्रामवरून. तो महिना आठवा. ५ ऑगस्टपासून काश्मीर खोऱ्यात इंटरनेट बंद होतं. श्रीनगरच्या दुकानदाराला ते टेलिग्राम दिसणं जवळपास अशक्य होतं. मग ते निवेदन कुणासाठी होतं? ज्यांच्याकडे इंटरनेट होतं त्यांच्यासाठी, म्हणजे दिल्ली-मुंबईतल्या न्यूजरूमसाठी. नावसुद्धा त्याच हिशेबाने निवडलेलं : इंग्रजी, धर्माचा उल्लेख टाळणारं, स्थानिक लोकांचा प्रतिकार वाटावा असं. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली तेव्हा ती लष्कर-ए-तोयबाचीच शाखा असल्याचं म्हटलं. पीपल्स अँटी-फॅसिस्ट फ्रंट या दुसऱ्या नावाचीही तशीच कथा, तिच्यामागे जैश-ए-मोहम्मद असल्याचं केंद्राने म्हटलं आणि तिच्यावरही त्याच सुमारास बंदी आली. मराठी बातमीत मात्र ही नावं जशीच्या तशी येतात, जणू एखाद्या राजकीय पक्षाची असावीत.

पहलगामच्या दिवशी याच रेझिस्टन्स फ्रंटने हल्ल्याचा दावा केला. संयुक्त राष्ट्रांच्या देखरेख पथकाच्या जुलै २०२५ च्या अहवालात नोंद आहे की त्यांनी घटनास्थळाचा फोटोही टाकला आणि दुसऱ्या दिवशी दावा पुन्हा केला. मग २६ एप्रिलला घूमजाव केलं, आपल्या यंत्रणेत कुणीतरी घुसून ते निवेदन टाकलं म्हणे. मधल्या चार दिवसांत काय झालं होतं? काश्मीर बंद झालं होतं. हल्ल्याच्या निषेधार्थ दुकानदारांनी आपणहून शटर ओढली, तिथल्या वर्तमानपत्रांनी पहिली पानं काळी छापली. पर्यटकांना वाचवताना मारला गेलेल्या घोडेवाल्याच्या दफनाला माणसं लोटली. ज्यांच्या नावाने आपण बंदुका चालवतो ते लोकच उलटलेत, हे त्या गटाला दिसलं असावं, असं मी मानते. लोकांच्या मनाची पर्वा नसती तर त्यांनी दावा मागे कशाला घेतला असता? त्या चार दिवसांत मराठी पडद्यावर काश्मीरची ती बंद दुकानं किती मिनिटं दिसली आणि बंदूकधाऱ्यांचे फोटो किती तास दिसले, ते तुमच्याच रेकॉर्डमधून काढून बघा.

तिसरी तक्रार आमच्या शेजारच्या कल्याणमधून येते. कल्याण आणि डोंबिवली ही एकच महापालिका, एकच लोकलची लाइन. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इराकला यात्रेला म्हणून गेले आणि इस्लामिक स्टेटमध्ये सामील झाले. शिकलेली मुलं होती. नोव्हेंबरमध्ये त्यातला एक परत आला, एनआयएने त्याला अटक केली. त्या काळात तुमच्या सगळ्यांच्या थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅन कल्याणला उभ्या होत्या, आणि पडद्यावर रात्रंदिवस काळे झेंडे आणि नारिंगी कपड्यांतले ओलीस होते. माझ्या मनात तेव्हापासून एक प्रश्न आहे. हे असलं भयानक बघून सुखवस्तू घरातलं शिकलेलं पोरगं तिकडे जाईल कसं?

उत्तर मला पुढे वाचनातून सापडलं. चार्ली विंटर या अभ्यासकाने २०१५ च्या उन्हाळ्यात एक महिनाभर इस्लामिक स्टेटचा सगळा प्रचार गोळा केला. त्यातला निम्म्याहून अधिक भाग गळे चिरण्याचा नव्हताच. भरलेले बाजार, शेतं, दवाखाने, रस्तादुरुस्ती, गरिबांना वाटलेलं धान्य, संध्याकाळी नदीवर खेळणारी मुलं. 'इकडे या, इथे तुमचं राज्य आहे, तुमच्या शिक्षणाची इथे किंमत आहे', हे सांगणारी चित्रं. शत्रूला घाबरवायला वेगळे व्हिडीओ, तरुणाला बोलवायला वेगळे. आपण पडद्यावर पाहिले ते पहिल्या जातीचे. दुसरे ज्याला दाखवायचे त्याला त्याच्या मोबाइलवर, एकट्याला, शांतपणे दाखवले गेले. त्यांचा फोलपणा कुणी उघड केला नाही. ते दवाखाने कसे चालत होते, ते धान्य कुणाकडून लुटलं होतं, गेलेल्या मुलांच्या वाट्याला तिथे काय आलं, हे सांगणारी अर्ध्या तासाची एक मराठी बातमी त्या वर्षी असती तर मी ती वर्गात लावली असती.

उलट झालं ते असं की कल्याण-डोंबिवलीतल्या प्रत्येक मुसलमान मुलाकडे लोक वळून बघू लागले. माझ्याकडे तेव्हा नववीत एक मुलगी होती. तिचे वडील रिक्षा चालवायचे. एक दिवस ते येऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, तिला क्लासला पाठवू ना? कुणी काही बोलत तर नाही ना?" मी त्यांना आत बोलावून चहा दिला, पण त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. इस्लामिक स्टेटच्या 'दाबिक' या इंग्रजी नियतकालिकाने २०१५ च्या सुरुवातीला उघडपणे लिहिलं होतं की मुसलमानांनी इतरांबरोबर मिळून-मिसळून राहण्याची मधली जागाच संपवायची आहे. त्या रिक्षावाल्याला दारात थांबून तो प्रश्न विचारावा लागला, तेव्हा आमच्या गल्लीत त्यांचं ते काम थोडं पुढे गेलं होतं. पहलगामनंतर इतर राज्यांत शिकणाऱ्या काश्मिरी मुलांना मारहाण झाली, धमक्या आल्या, तेव्हाही तेच.

चौथी तक्रार भाषेची आहे, आणि मराठीची शिक्षिका म्हणून ती मला सगळ्यात जास्त टोचते. गडचिरोलीत नक्षलवादी एखाद्या आदिवासीला मारतात आणि मृतदेहाशेजारी पत्रक टाकतात. त्या पत्रकात तो पोलिसांचा खबरी होता असं लिहिलेलं असतं. पूर्वी ते पत्रक आसपासच्या चार गावांत वाचलं जायचं. आता त्याचा फोटो तासाभरात व्हॉट्सॲपवर नागपूरला पोचतो आणि मथळा येतो, 'खबरी असल्याच्या संशयावरून हत्या'. संशय कुणाचा? मारणाऱ्याचा. आरोपी, फिर्यादी, न्यायाधीश आणि जल्लाद सगळे तेच, आणि निकालपत्रही त्यांचंच, आपण फक्त ते छापतो. मेलेला माणूस उठून खुलासा करू शकत नाही. त्याच्या मुलांच्या कपाळी तो शब्द राहतो. त्या मथळ्यात त्या माणसाचं नाव, गाव, तो काय करत होता, एवढं तरी आधी यावं की नाही?

तसंच 'जबाबदारी स्वीकारली' हा शब्दप्रयोग. जबाबदारी स्वीकारतो तो कर्ता माणूस, घरातला थोरला, चूक कबूल करणारा. निरपराध माणसं मारून 'आम्हीच मारलं' अशी फुशारकी मारणाऱ्याला आपल्या भाषेत जबाबदार म्हणत नाहीत. 'दावा केला' म्हणा. तेवढ्याने प्रेक्षकाच्या मनात एक शंका जागी राहते, आणि पहलगामच्या चार दिवसांनी दिसलंच की ती शंका योग्य होती.

गुन्हेगारी टोळ्याही आता हाच धडा गिरवत आहेत. १२ ऑक्टोबर २०२४ ला वांद्र्यात बाबा सिद्दिकी यांची हत्या झाली आणि बिष्णोई टोळीच्या नावाने फेसबुक पोस्ट आली. तुमच्यापैकी कित्येकांनी ती पोस्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवली, पार्श्वसंगीतासह. महिन्याभरात त्या टोळीप्रमुखाचे फोटो छापलेले टी-शर्ट ऑनलाइन विकायला आले, महाराष्ट्र सायबरला गुन्हा दाखल करावा लागला. टी-शर्ट कुणीतरी घालणार असतो म्हणून छापला जातो. ती हौस कुठून निर्माण झाली, हे मी तुम्हाला विचारते आहे.

तुम्ही म्हणाल, बाई बातम्या दाबा म्हणतात. अजिबात नाही. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ ते फेब्रुवारी २०२१, दीड वर्ष वेगवान इंटरनेट नव्हतं, आणि तेवढ्या काळात तिथल्या माझ्यासारख्या शिक्षकांना ऑनलाइन वर्ग धड घेता आले नाहीत. बंदीने प्रचार थांबला नाही, शाळा मात्र थांबल्या. सरकारने सगळं झाकावं असं मला वाटत नाही. हल्ला झाला तर मला कळलं पाहिजे, कोणी केला, कसा झाला, सुरक्षेत कुठे कसूर झाली, कोण उत्तरदायी आहे. हे सगळं त्यांचा व्हिडीओ न दाखवता सांगता येतं. फ्रान्समध्ये जुलै २०१६ च्या नीस हल्ल्यानंतर 'ल माँद' या दैनिकाने हल्लेखोरांचे फोटो छापणं थांबवलं, मेल्यावर त्यांचा गौरव होऊ नये म्हणून. क्राइस्टचर्चनंतर पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी मारेकऱ्याचं नाव उच्चारणार नाही असं संसदेत जाहीर केलं. त्यामुळे त्या घटनांची बातमी कुठे कमी झाली नाही.

आणि काही अभ्यास तुमच्या कामी येईल असा आहे. ब्रुकिंग्ज संस्थेच्या २०१५ च्या अहवालात २०१४ च्या अखेरीस इस्लामिक स्टेटच्या समर्थकांची किमान ४६ हजार ट्विटर खाती मोजली होती. पण त्यांच्या यशाचं बरंचसं श्रेय होतं पाचशे ते दोन हजार अतिशय सक्रिय खात्यांना. म्हणजे पसरवणारे मूठभरच असतात. मराठीत तुमच्याहून मोठं पसरवणारं कोण आहे? म्हणून तुम्ही हात आखडता घेतलात तर फरक पडेल, हे मी अंदाजाने बोलत नाही.

माझ्या मागण्या :

१. सशस्त्र गटांनी स्वतः चित्रित केलेला किंवा प्रसृत केलेला कुठलाही व्हिडीओ दाखवू नका. अगदीच गरज पडली तर एखादं स्थिर चित्र, चिन्हाशिवाय, संगीताशिवाय, आणि हे कुणी व कशासाठी बनवलं ते सांगून. 'सौजन्य : सोशल मीडिया' ही पट्टी अशा चित्रांखाली कायमची बंद करा.

२. 'जबाबदारी स्वीकारली'ऐवजी 'दावा केला'. गटाच्या नावासोबत त्याच्यामागे कोण आहे ते त्याच वाक्यात. मारेकऱ्यांनी मृताला लावलेलं विशेषण मथळ्यात नको.

३. मारेकऱ्यांच्या फोटोपेक्षा मृतांना, जखमींना आणि वाचवणाऱ्यांना जास्त वेळ. पण त्यांच्या घरात कॅमेरा घुसवून नव्हे. पहलगामनंतर एका जोडप्याचा नाचतानाचा व्हिडीओ मारल्या गेलेल्या नौदल अधिकाऱ्याचा म्हणून फिरला, आणि त्या जोडप्याला पुढे येऊन आम्ही जिवंत आहोत असं सांगावं लागलं. खात्री केल्याशिवाय काही चढवू नका.

४. हे गट तरुणांना कसं गाठतात, काय आश्वासनं देतात आणि प्रत्यक्षात काय होतं, यावर मराठीत नीट कार्यक्रम करा. वर्गात लावता येतील असे. ते मुलांपर्यंत पोचवायची जबाबदारी मी आणि माझ्यासारखे शिक्षक घेऊ.

५. हे सगळं लेखी धोरण म्हणून तुमच्या संकेतस्थळावर मराठीत जाहीर करा, म्हणजे पुढच्या वेळी तक्रार करताना कशाकडे बोट दाखवायचं ते आम्हाला कळेल.

माझं नाव आणि पत्ता तुम्हा प्रत्येकाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे ईमेलने पाठवला आहे. इथे लिहिला नाही, कारण जिन्यातला तो मुलगा ओळखू यायला नको. पंधरा दिवसांचा नियम तुम्हाला माहीत आहे, तेवढे दिवस मी वाट बघेन. त्या अठ्ठावीस सेकंदांच्या क्लिपसाठी मात्र पंधरा दिवस लागू नयेत. हे लिहिताना मी पुन्हा तपासलं, ती अजून तुमच्यापैकी एकाच्या पानावर आहे. आज काढा.

आपली,
एक शिक्षिका
डोंबिवली (पूर्व)